देशवाणीवर नीराबाई

नीराबाईला रेडिओचं वेड आहे असं कोणी म्हटलं की ती भडकायची. वेड कसलं? दिवसभर हात मासळीत. खवले चिकटलेल्या बोटांनी मोबाइल चालतो का? रेडिओचा कान सकाळी एकदा पिळला की संध्याकाळपर्यंत त्याच्याकडे बघायला नको. थळच्या खालच्या अंगाला असलेल्या त्यांच्या कोळीवाडीत, बोंबील सुकवायच्या बांबूंना, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून तिचा रेडिओ लटकलेला असायचा. केंद्र एकच, देशवाणी. तिथं गाणी नाहीत, नुसतं बोलणं. बातम्या, डॉक्टर, नाटक, भाषणं. चौथीत शाळा सुटलेली ही बाई हिंदी शिकली ती तिथंच, आणि परप्रांतीय व्यापाऱ्याशी सुक्या मासळीचा भाव स्वतःच्या तोंडानं ठरवायची. नवरा भिकू बोटीवर गेला की घरात बोलायला माणूस नसे. देशवाणीवर माणसं होती, आणि ती खरं बोलतात अशी तिची समजूत होती. इतक्या शुद्ध आवाजात कोण खोटं बोलेल?

कोण बोलेल ते तिला मार्चमधल्या एका दिवसात कळलं.

वाडीच्या कडेला समुद्राला लागून खळं आहे. खळं म्हणजे शेणानं सारवलेली मोकळी जागा. तिथं बायका जवळा पसरतात, ती बारीक कोळंबी कडक उन्हात सुकवतात आणि पावसाळाभर विकून खातात. या जागेवर आता सरकारी सुशोभीकरण येणार होतं. पेव्हर ब्लॉक, बाकं, फोटो काढायला रंगीत कमान. ठेका नीराबाईच्या पुतण्याला, भावेशला मिळाला होता. म्हणजे घरातल्याच माणसाच्या हातून खळं जाणार होतं. बायका आपसात कुरकुरत होत्या, विचारायचं कोणाला ते माहीत नव्हतं.

तेवढ्यात देशवाणीची अमिषा आली. तिलाही भावेशच गाडीतून घेऊन आला, आपलं नाव होईल म्हणून. पोरगी गोड होती. म्हणाली, सागर-विशेष दिवस आहे, सकाळपासून संध्याकाळपर्यंत सगळे कार्यक्रम समुद्राचे, आणि स्टुडिओत मोठे अधिकारी असतील, तुमचं म्हणणं त्यांना ऐकवून तिथल्या तिथं उत्तर घेऊ. नीराबाई हिंदीत सुरू झाली तर अमिषानं हात जोडले. आजी, तुमच्याच बोलीत बोला, मातीचा वास हवा.

मग नीराबाई तिच्या बोलीत बोलली. सगळ्या बायका भोवती उभ्या होत्या.

“ही जागा गेली तं जवला कुठं सुकवू? तुमच्या सायबाच्या गच्चीवर? आमाला बाकडी नकोत. आमाला बसायला येळ न्हाय.”

बायका खदखदून हसल्या, अमिषाही हसली आणि सामान आवरून गेली.

सागर-विशेषच्या दिवशी नीराबाईनं रेडिओ पूर्ण मोठा केला. एरवी नाकं मुरडणाऱ्या बायकासुद्धा ऐकत कामं करत होत्या. पहिली कोणी एक बाई आली ती लाटांच्या संगीतावर दहा मिनिटं उसासे टाकून गेली. मग डॉक्टर. त्यांनी मासे हृदयाला चांगले म्हणून सांगितलं, पण सुकी मासळी टाळा, मीठ फार असतं. आवडाबाई, नीराबाईची शेजारीण, साठी कधीच ओलांडलेली आणि पाटी डोक्यावर घेऊन अलिबागच्या बाजारात चालत जाणारी, तिनं डॉक्टरला एक शिवी हासडली. ती इथं लिहिण्यासारखी नाही.

महिलांच्या कार्यक्रमात एका शेफनं मासळीचा वास घालवायचे उपाय सांगितले. लिंबू, व्हिनेगर, दूध. दुधात मासळी! नीराबाईनं हातातली जवळ्याची मूठ तशीच धरून ठेवली. वास घालवायचा तर मासळी खायची कशाला, भोपळा खा की. दुपारी एका प्राध्यापकाचं भाषण झालं. त्यात समुद्र होता, अर्थव्यवस्था होती, संधी होत्या आणि एकही मासा नव्हता. त्यानंतर नाटक. कोळी बुडतो, कोळीण किनाऱ्यावर छाती पिटते. कोळी बोलायचा बैल हाकणाऱ्या शेतकऱ्यासारखा आणि बुडायला त्याला अर्धा तास लागला. भिकू होडीला टेकून डोळे मिटून पडला होता, तो म्हणाला, “येवढ्या येळात मी पोहून किनाऱ्याला आलो असतो.”

नीराबाईला किळस येत होती, पण ती तिनं बाजूला ठेवली. आपला भाग यायचा होता. अधिकारी उत्तर देणार होते.

ऊन उतरलं तसा कार्यक्रम लागला. बायका जवळा गोळा करून पाट्या भरत होत्या, त्या थांबल्या. रेडिओतून नीराबाईचा आवाज आला. “ही जागा...” एवढंच. लगेच तिच्यावर एक दुसरी बाई बोलू लागली. मधाळ हिंदी, पूजेला बसल्यासारखी. “यह सागर हमारी माँ है। अब यहाँ सुंदर राह बनेगी, हमारे बच्चे भी शाम को टहलेंगे। हम बहुत खुश हैं।” खाली कुठं तरी, विहिरीच्या तळाशी, नीराबाईचा खरा आवाज गच्चीबद्दल काहीतरी बोलत होता. मग बायकांचं हसणं तेवढं स्वच्छ ऐकू आलं.

आवडाबाईनं तोंडावर हात ठेवला. “नीरे, ही कोन शिरली गो तुझ्या आंगात?”

अधिकाऱ्यांनी आभार मानले. स्थानिक महिलांचा असा मनापासून पाठिंबा असला की कामाला जोर येतो म्हणाले. अमिषानं त्यांना एक प्रश्न विचारला, तो कासवांबद्दल होता.

नीराबाईला आता कळलं. हिंदीत बोलू दिलं असतं तर भाषांतराच्या नावानं ही दुसरी बाई मध्ये आलीच नसती. म्हणून हवा होता मातीचा वास. तिनं रेडिओ बंद केला. सडक्या बांगड्याच्या राशीत बसून जेवलेली ती बाई खळ्याच्या बाहेर जाऊन थुंकली आणि परत आली.

अंधार पडायच्या आत ब्लॉकचा ट्रक आला. पुढे मोटारसायकलवर भावेश, पायात नवे बूट.

“काकी, फेमस झालीस ना. सायबांचा फोन आला. बोलले, लोकांची हरकत न्हाय, आजच माल उतरव.”

“ती मी न्हवं.”

“आवाज तुजाच हाय.”

“आवाज माजा. बोलनं कोनाचं?”

भावेश हसला. वाईट नव्हतं त्याचं हसणं, घरातल्या म्हातारीला समजावताना हसतात तसं होतं. “र्‍हाऊ दे ना, काकी. देशभर गेलं. आता कोन इचारतंय तू काय बोललेलीस?”

नीराबाई वळली. तिनं आपली भरलेली पाटी उचलली, ट्रकच्या तोंडासमोर नेली आणि उपडी केली. वाकून दोन्ही हातांनी जवळा पसरला, सकाळी पसरतात तसा, पातळ. वाडीत एक रीत आहे. सुकायला पसरलेल्या मासळीवर पाय पडत नाही. वरातसुद्धा वळसा घालून जाते. दारूच्या नशेतला माणूस नको तिथं पडतो, पण खळ्यावर पडत नाही.

“दव पडंल गो,” आवडाबाई म्हणाली. “काला व्हईल समदा.”

“व्हऊ दे.”

मग आवडाबाईनंही स्वतःची पाटी ओतली. आणखी दोघींनी ओतल्या. बाकीच्या पाट्या डोक्यावर घेऊन घरी गेल्या, लबाडीनं नाही, पोटाच्या भीतीनं. पण चार पाट्या पातळ पसरल्या की ट्रकपुरती वाट बंद होते.

ड्रायव्हर माणगावचा रावजी. त्याला यातलं काही कळेना. पुढे घेऊ का म्हणून त्यानं दोनदा विचारलं. भावेश कडेला उभा होता.

“काकी, उचल.”

“तू उचल. तुज्या आयसचा पन जवला हाय त्यात.”

मागाहून ओतणाऱ्या दोघींपैकी एक त्याची आई होती. ती त्याच्याकडे न बघता ओंजळीनं जवळा सारखा करत होती. भावेशनं बूट काढून जवळा उचलायला म्हणून खाली वाकून एक नाडी सोडली, ओणव्यानंच आईच्या हातांकडे बघितलं, आणि परत बांधली. मग रावजीला त्यानं ट्रक मागे घ्यायची खूण केली.

रात्रीच्या दवानं जवळा व्हायचा तो झाला. काळा, चिकट. तो खताला गेला. पण नीराबाईनं उन्हं वर यायच्या आधी खळं सारवलं आणि ताजा जवळा पसरला. तेव्हापासून बायकांनी पाळ्या लावल्या आहेत. जवळा नसला तर करदी, म्हणजे जरा मोठी कोळंबी, करदी नसली तर कुणाची तरी मांदेली, पण खळं रिकामं म्हणून सोडायचं नाही. ब्लॉक रस्त्याच्या कडेला रचलेले आहेत. त्यांच्यावर कुत्री झोपतात. भावेश रोज येतो, खळ्याच्या कडेनं चालून बघून जातो, आणि नीराबाई त्याला चहा देते, पण घरात बोलावत नाही.