खोक्यावर माझं नाव

"बूट काढ आणि टेबलावर झोप," डॉक्टरकाका म्हणाले. "मॉडेल आली नाहीये. तुझे पाय चालतील."

टेबलाभोवती चार डॉक्टर उभे होते. सगळे माझ्यासारखेच पायांचे डॉक्टर. शनिवार मोडून आले होते, तळव्यात फिलर कसं द्यायचं ते शिकायला. उंच टाचा घालणाऱ्या बायका हे जेल सुईने तळव्यात भरून घेतात, पायाखाली गादी असल्यासारखं वाटतं म्हणून. शिकणाऱ्यांच्या यादीत पाचवं नाव माझं होतं. तरी झोपले मीच.

काका माझे कोणी लागत नाहीत. अमेरिकेतल्या या डब्लिन गावातले सगळे मराठी लोक त्यांना काकाच म्हणतात. क्लिनिक त्यांचं, आणि मी तिथे तीन वर्षं नोकरीला.

मोजे काढले. टाचा भेगाळलेल्या. दिवसभर लोकांचे पाय बघते, स्वतःचे राहून जातात. काकांनी माझा उजवा पाय घोट्याला धरून वर उचलला. दुकानात माल दाखवतात तसा.

चौघांत एक मराठी होता, मूळचा नागपूरचा. काका त्याला मराठीत म्हणाले, "ही आमची पिढीजात स्पेशालिस्ट बरं का. हिच्या वडिलांचं मॉलमध्ये बूट दुरुस्तीचं काउंटर होतं."

"अच्छा," तो म्हणाला.

तो अच्छा मी ओळखते. आडनाव सांगितल्यावरही तोच येतो.

"मंडळाच्या गणपतीला आम्ही चपलांपाशी हिच्या वडिलांनाच बसवायचो. एक जोड कधी इकडचा तिकडे झाला नाही! काय गं?"

मी हसले. हे लिहायची लाज वाटते, म्हणूनच लिहिते आहे. पाय त्यांच्या हातात, पाठ टेबलाला, आणि मी हसले.

तेव्हा मी अकरा वर्षांची होते, सोलापूरहून नुकतीच आलेली. शाळेच्या हॉलमध्ये आरती चालायची आणि माझे अण्णा बाहेर कॉरिडॉरमध्ये घडीच्या खुर्चीवर बसायचे, चपलांच्या रांगांसमोर. प्रसाद कागदाच्या प्लेटमध्ये बाहेर यायचा. मला वाटायचं, अण्णांना मोठं काम दिलंय. मी ऐटीत शेजारी उभी राहायचे.

"काय जोक झाला?" एका अमेरिकन डॉक्टरने इंग्रजीत विचारलं.

"फॅमिली जोक," काका म्हणाले.

नर्सने फिलरचं खोकं ट्रेमध्ये आणून ठेवलं, माझ्या कमरेशी. मी ते हातात घेतलं. संशय वगैरे काही नव्हता. हाताला चाळा. अण्णांच्या काउंटरवर बूट आला की ते आधी बोलायचे नाहीत, अंगठ्याचं नख तळाच्या कडेवरून फिरवायचे. तळ शिवलाय की नुसता चिकटवलाय, ते नखाला कळतं. शाळा सुटल्यावर मी तिथेच स्टुलावर बसून अभ्यास करायचे. नखाची ती सवय मलाही लागली.

माझं नख अडलं. लेबलाची कड उचलली गेली.

खाली दुसरं लेबल. वेगळी भाषा, वेगळं नाव. तारखेची जागा ब्लेडने खरवडलेली. खोक्यात घडी घातलेली स्लिप होती. मागवणारे डॉक्टर म्हणून तिच्यावर माझं नाव. माझा लायसन्स नंबर.

मी काहीच मागवलं नव्हतं.

"काका, हे माझ्या नावावर कोणी मागवलं?"

"अगं, हलू नकोस."

"कोणी मागवलं?"

"मीच. वेबसाइटवर एक नंबर टाकावा लागतो, तुझा टाकला. बाहेरच्या देशातला माल आहे. आत तेच असतं गं."

"तुमचा नंबर का नाही टाकला?"

ते खाली वाकले. हळू, मराठीतच बोलले. "माझ्या नावाला पस्तीस वर्षं आहेत इथे. तुझ्या नावाला काय आहे?"

माझ्या नावाला काय आहे? आमच्या घरात कॉलेजचं तोंड बघितलेलं ते पहिलं नाव आहे. 'डॉक्टर' हा शब्द आमच्यात ज्याच्यापुढे पहिल्यांदा लागला, ते नाव आहे. पदवी घ्यायला गेले तेव्हा माझ्या पायातल्या बुटांना अण्णांनी आदल्या दिवशी नवे तळ शिवले होते.

मी टेबलावरून उतरले. अनवाणी. चौघांना इंग्रजीत सांगितलं, खोकं हातात दिलं. एकाने बघितलं, दुसऱ्याकडे दिलं. शेवटच्याने ते परत ट्रेमध्ये ठेवलं. नागपूरवाला तेवढा म्हणाला, "सीन नको यार, चिल."

मी मोजे घालत होते, तोवर काकांनी रिसेप्शनवरच्या मुलीला आत बोलावलं होतं. "पाच मिनिटांचं काम आहे. बूट काढ."

"यात काय आहे कोणाला माहीत नाही," मी तिला म्हणाले. तिने माझ्याकडे बघितलं, मग काकांकडे. वाकली आणि बुटाची नाडी सोडायला लागली. मी मघाशी जशी झोपले होते, तशीच ती आता झोपणार होती.

मी ट्रेमधलं खोकं उचललं. फ्रिज उघडला, उरलेली सगळी खोकी पिशवीत भरली.

"ए! चोरी आहे ही!"

"स्लिप वाचा, काका. माल माझ्या नावावर आहे."

त्यांचं डॉक्टरपण गेलं, काकापणही गेलं. "चांभाराची ती चांभाराचीच राहिलीस."

"हो," मी म्हणाले आणि निघाले.

सोमवारी लायसन्स देणाऱ्या राज्याच्या बोर्डाकडे तक्रार केली, खोक्यांच्या फोटोंसकट. चौकशी आधी माझीच सुरू झाली, कारण नाव माझं. नोकरी गेली. मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून मला काढलं. रिसेप्शनवरची मुलगी अजून तिथेच आहे, माझा फोन उचलत नाही. लायसन्स राहील की जाईल, सांगता येत नाही.

बोर्डाच्या फॉर्मवर एक प्रश्न आहे: माल बनावट असल्याचा संशय तुम्हाला कसा आला? माझी वकील म्हणाली, 'अनुभवावरून' एवढंच लिहा, वैयक्तिक काही नको.

मी लिहिलं: माझे वडील चांभार आहेत. मीही चांभार आहे. चिकटवलेली कड मला नखाने कळते.

वकीलबाईंनी ती ओळ खोडून परत पाठवली. मी ती पुन्हा लिहिली, आणि खाली सही केली. पूर्ण नावाने, आडनावासकट.