फिकी तर्री

चित्रपट महोत्सव शहराचं अर्थकारण बदलतो, असं उद्घाटनाच्या भाषणात सांगितलं गेलं. चंद्रपूरच्या त्या सभागृहासमोर तर्री-पोहे विकणाऱ्या माझ्या ओळखीच्या माणसाने ते भोंग्यावरून ऐकलं आणि मनावर घेतलं. एरवी तो कोणाचं ऐकत नाही. पोह्यांवरच्या रश्श्यात तिखट कमी मागणाऱ्याला "मंग घरीच खा ना बापा," म्हणतो. पण दुसऱ्या सकाळी मुंबईच्या पाहुण्यांसाठी त्याने फिकी तर्री केली.

बल्लारपूरच्या गाडीने येणारा नेहमीचा कामगार एक घास खाऊन म्हणाला, "काऊन गा, दवाखान्यातली तर्री बनवली का?" आणि पुढच्या ठेल्यावर गेला. मागोमाग बाकीचेही गेले. मग पाहुणे आले. पातेल्यात डोकावून त्यांनी विचारलं, "इथली झणझणीत तर्री कुठे मिळेल?"

त्याने पुढच्या ठेल्याकडे बोट दाखवलं.

दुपारी पातेलं भरलेलंच होतं. त्याने मला विचारलं, "भाऊ, तुमी वाचता-गिचता. अर्थकारण बदललं, तं मंग कोनाचं बदललं?"

मी एक प्लेट फिकी तर्री मागितली.

त्याच संध्याकाळी समारोपाला पुन्हा तेच भाषण सुरू झालं. त्याने भोंग्याकडे पाठ केली आणि तर्रीत मूठभर तिखट टाकलं. तोवर पाहुण्यांची बस नागपूरच्या रस्त्याला लागली होती.