दिवसाची झोप

आमची सून सरकारी दवाखान्यात नर्स आहे. सातवा महिना लागला तरी तिची रात्रपाळी सुटली नव्हती. दिवसपाळीसाठी तिने अर्ज दिला होता. माणसं कमी आहेत, बघू, एवढंच उत्तर मिळालं. सकाळी घरी यायची तेव्हा पाय सुजून चपलेत मावत नसत.

मुलगा बाहेरगावी नोकरीला, म्हणून तपासणीला यावेळी मी आणि बायको तिच्यासोबत गेलो. बाळाचं वजन महिन्याच्या मानाने कमी निघालं. आकड्याशिवाय केलेलं बोलणं मला पटत नाही. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, रात्रपाळीने लेकराला धोका किती टक्के? त्या म्हणाल्या, असा आकडा कुणी देऊ शकणार नाही. रात्रीच्या कामाने बाळंतपण लवकर होण्याचा, बाळ लहान राहण्याचा धोका थोडा वाढू शकतो. पण याच बाळाचं वजन त्यामुळेच कमी आहे, असंही म्हणता येत नाही. मग त्यांनी सुनेला विचारलं, "दिवसा झोप किती होते?"

आमच्याकडे न बघता सून म्हणाली, "नुसती पडते. झोपू कुठं देतेत?"

आमच्या भागात पोटुशी बाई दिवसा झोपली की लेकरू आळशी निपजतं म्हणतात. त्यातून हिची पहिली खेप. रोज कुणीतरी बाई चिंचा, धपाटे घेऊन यायची, आणि बायको मायेनेच तिला हाक मारून उठवायची.

दुसऱ्या दिवशी सून कामावरून आली, तेव्हा बायकोने आतल्या खोलीच्या खिडकीवर गोधडी टांगलेली होती.

दुपारी शेजारीण डबा घेऊन आली. "काहून दार लावलं? पोरगी लोळून राहिली काय? लेकरू आळशी निपजंल बरं."

बायको उंबऱ्यातून हलली नाही. "निपजू द्या, वैनी. आळशी तर आळशी, वजनानं बराबर भरू द्या."

शेजारीण डबा ठेवून गेली. वारंगा फाट्यावरचं आमचं घर, समोरच हमरस्ता. एका ट्रकने लांबलचक हॉर्न दिला. मी बंद दाराशी जाऊन उभा राहिलो. आत पलंग कुरकुरला. थोड्या वेळाने पुन्हा कुरकुरला. सून जागीच होती.

दिवे लागायच्या वेळी सून आपला डबा घेऊन ड्यूटीवर गेली.