बायकोची वेगळी पॉलिसी

पांढरकवड्याच्या कचेरीतून मी निवृत्त झालो आणि पंधरवड्यातच विमा एजंट घरी आला. आधी त्याचं कृषी केंद्र होतं. कापसाला भाव राहिला नाही, बियाण्याची उधारी बुडाली, तसं दुकान बंद करून तो विमा विकू लागला होता.

"साहेब, तुमच्यासाठी फॅमिली फ्लोटर," तो म्हणाला. "दोघाईले मिळून एकच रक्कम. ज्याले लागन त्यानं वापराची."

बायको स्वयंपाकघरातून थेट बाहेर आली. "म्हणजे पहिले हे बिमार पडले तर सगळं हेच संपवतीन? घरात एक केळ असलं तरी आधी हेच खातात. मले वेगळी पाहिजे."

केळ्याचं खरं होतं.

मग त्यानं आजार विचारले. मी ऐटीत "काही नाही" म्हणालो. रोज पहाटे हायवेपर्यंत चालत जाणारा माणूस मी. बायकोनं मात्र गुडघ्यापासून सुरुवात केली. पाठ, धडधड, अर्धशिशी असं करत ती मानेशी आली, तेव्हा एजंटनं पेन खाली ठेवलं.

"काकू, एवढं सांगसान तर कंपनी पॉलिसी नाही देनार."

"बिमार माणसाले नाही, तर मंग कोणाले देते?"

त्यानं फॉर्म मिटून पिशवीत ठेवला. दोघांच्या तपासण्या करायचं ठरलं.

यवतमाळच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून सांगितलं, "काकूंचं सगळं उत्तम आहे. काकांना मात्र शुगर निघालीय."

"नीट पाहा ना," बायको म्हणाली. "अदलाबदल झाली असन."

परतीच्या एसटीत तिनं रिपोर्ट पुन्हा उलटून पाहिले. मग म्हणाली, "म्हणजे इतके वर्षं मी खोटंच कण्हून राह्यली होती काय?"

"नाही गं," मी म्हणालो. मला माझ्याच पायांत मुंग्या आल्यासारखं वाटत होतं.

शेवटी वेगवेगळ्या पॉलिसी घेतल्या. तिची विनाअट मिळाली. माझ्या शुगरचा खर्च काही वर्षं थांबल्यावरच मिळणार होता. "तोवर धड राहा," असं बजावून तिनं माझा चहा बिनसाखरेचा केला.

पुढं पुसदला एका लग्नात गेलो. तिथं ती बायकांच्या घोळक्यात माझी शुगर सांगत होती. घशाला कोरड, अंगाला थकवा, पायांची आग. ऐकणाऱ्या हळहळत होत्या. मीही खुर्ची जवळ ओढली. त्यातलं निम्मं मला नवीन होतं.