लिस्बनच्या सांत आंतोनाला घातलेलं गाऱ्हाणं

लिस्बनला जायचं माझ्याआधी फिलूमावशीने ठरवलं. मी पोर्तुगालमध्ये, कोइंब्राला शिकायला आलेय हे कळल्यापासून मालवणच्या आमच्या या शेजारणीचा एकच धोशा. "सांत आंतोन थंय लिस्बनाक जल्माक इलो. तू जातलंस मा गो?"

सांत आंतोन म्हणजे हरवलेलं शोधून देणारा संत. आणि मावशीच्या घरातून हरवला होता तिच्या नवऱ्याचा, आंतोनकाकांचा आवाज. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय सावरले, पण बोलणं गेलं ते गेलंच. ज्यांनी होडीवरून हाक मारली की किनाऱ्यावरची झोपलेली कुत्री उठायची, ते काका आता खुणेने चहा मागतात. मावशीने प्रार्थना स्वतःच्या आवाजात बोलून फोनवर पाठवली. "त्येच्या पायाकडे लाव. फुडचा तो बघतलो."

शनिवारी सकाळच्या बसने मी आणि माझी रूममेट प्रज्ञा निघालो. रस्ता अडीच तासांचा. तिकीट आठवडाभर आधी काढा, बरंच स्वस्त पडतं. आदल्या दिवशी काढलंत तर रडाल. बूट चांगल्या पकडीचे घ्या, कारण हे शहर टेकड्यांवर वसलंय आणि वाटा गुळगुळीत दगडांच्या. प्रज्ञा नागपूरची, चढउतारांची सवय नाही. ती पहिल्याच उतारावर दोनदा घसरून बसली.

मी समुद्रावर वाढलेली. पाणी बघून आपण काही भुलायचो नाही असा माझा तोरा होता. नदीकाठच्या मोठ्या चौकात पोचलो आणि तो उतरला. तेजू नदी इतकी रुंद, की पलीकडचा काठ आहे की नाही ते डोळे बारीक करून बघावं लागलं. मागे वळले तर टेकड्यांवर चढत गेलेली घरं, भिंतींवर निळ्या-पांढऱ्या फरश्या, आणि सगळ्यावर असं लख्ख ऊन की भिंतीच उजळल्यासारख्या वाटाव्यात. अठराव्या शतकातल्या भूकंपात जमीनदोस्त झालेलं हे शहर माणसांनी पुन्हा उभं केलंय म्हणे. मी फोटो काढत सुटले.

दुपारी अल्फामा या जुन्या वस्तीच्या बोळात निखाऱ्यावर भाजलेल्या सार्डिन मासोळ्या खाल्ल्या. आमचे पेडवेच, फक्त थोराड. नुसतं मीठ लावलेलं! तिरफळं नाहीत, कोकम नाही. पहिला घास नाक मुरडून घेतला, मग ताट कधी रिकामं झालं कळलं नाही. एक सांगून ठेवते, इथे न मागता पाव आणि ऑलिव्ह पुढ्यात येतात. ते फुकट नसतात. नको असतील तर हात लावू नका.

रविवारी सकाळी अठ्ठावीस नंबरची ट्राम पकडली. गर्दी टाळायची तर अगदी लवकर, पहिल्या थांब्यावर जा. त्यानंतर सांत आंतोनाचं देऊळ. मोठ्या कॅथेड्रलच्या शेजारी अगदी लहानसं. जिना उतरून तळघरात गेलं की संताची जन्मजागा. मी मावशीची प्रार्थना लावायला फोन काढला. पडदा काळा. रात्री चार्जिंगला लावायचा विसरले होते, आणि उरलीसुरली बॅटरी ट्रामच्या व्हिडिओत गेली होती. परतीच्या बसला दीड तासच उरला होता, फोन चार्ज करून पुन्हा इथे येणं जमणार नव्हतं. नदीचे शेकडो फोटो माझ्याकडे होते, आणि ज्यासाठी मावशीने धाडलं तेच नव्हतं. इतकी लाज वाटली की डोळे भरून आले.

"तुले जे येते ते म्हण ना," प्रज्ञा म्हणाली. "देव काय भाषा पाहते का?"

मला येत होतं ते फक्त गाऱ्हाणं. हंगामाच्या सुरुवातीला होडी पाण्यात लोटताना आमचे बाबा देवापुढे मोठ्याने मागणं मांडतात आणि जमलेले सगळे दर वाक्याला "व्हय म्हाराजा!" म्हणतात. त्यात सगळ्यात मोठा आवाज आंतोनकाकांचा असायचा. मी स्वतः कधी घातलं नव्हतं. आमच्याकडे ते पुरुषांचं काम.

"मी थांबले की व्हय म्हाराजा म्हण," मी प्रज्ञाला सांगितलं आणि हात जोडले. "बा सांत आंतोना म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तुझी प्रार्थना माका येना नाय, जां येता तां सांगतंय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आमच्या आंतोनकाकाचो आवाज हरावलो हा. खंय आसात थंयसून शोधून दी रे म्हाराजा!"

शेजारी गुडघे टेकून बसलेल्या आजीबाईंनी एक डोळा उघडून आमच्याकडे बघितलं. तिसऱ्या होकाराला त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली.

सोमवारी सकाळी हॉस्टेलमधून घाबरतच फोन केला. "मावशी, तुझी प्रार्थना लावकच जमला नाय. फोन बंद पडलो."

"मगे केलंस काय?"

"गाऱ्हाणा घातलंय."

"सांत आंतोनाक?" ती इतकी हसली की मला हायसं वाटलं. "घाल बघया. ह्येंकाव आयकव." तिने फोन काकांसमोर धरला.

"बा सांत आंतोना म्हाराजा!" मी म्हटलं आणि सवयीने थांबले. प्रज्ञा आंघोळीला गेली होती, होकार द्यायला कुणी नव्हतं. तेवढ्यात फोनमधून घोगरा, गंजलेला आवाज आला.

"व्हऽय."

"परत घाल गो!" मावशी ओरडली. "परत घाल!"

डॉक्टर म्हणतात, जन्मभराच्या सवयीचे शब्द असे कधीकधी शिल्लक राहतात. मावशी म्हणते, संतानेच शोधून दिला. मी कुणाशी वाद घालत नाही, रोज लेक्चरआधी फोनवर गाऱ्हाणं घालते. नदीचे फोटो अजून कुणाला दाखवायचेच राहिलेत. "म्हाराजा" अजून आलेला नाही. "व्हय" मात्र रोज येतो.