लेकीच्या पैशाचं पाणी

आमच्या ह्यायचं नाव मी घेत नाही. सातबाऱ्यावर विठ्ठलराव लिहून हाय, तेच तुम्ही समजा. उमरखेडपासून दोन कोसावर आमचं वावर, कापूस अन् सोयाबीन. माणूस असा, की ढोराइले पाणी पाजल्याबिगर स्वतः कधी घोट घेतला नाही. पण हट्टापुढं देवानंही हात टेकले असते.

लेकीले लेकरू होईपर्यंत तिच्या घरचं पाणी पिऊ नये, अशी आमच्यात जुनी रीत. आता कोणी पाळत नाही. हे पाळतात. आमच्या लेकीचं, उर्वशीचं, लगन होऊन आठ वर्षं झाली, नागपुरात बँकेत हाय, अन् लेकरू नाही. हे वर्षातून दोनदा तिच्याकडं जात, तुरीची डाळ ठेवत अन् कोरड्या घशानं परत येत. पोरगी पाण्याचा गिलास धरून उभी राहे. बापानं आपल्या हातचा एक घोट घ्यावा, एवढंच तिले पायजे होतं.

म्हणून तिनं डोकं लढवलं. यंदा उन्हाळ्यात वणीच्या पुढं नदीकाठी एका रिसॉर्टात आम्हा तिघांचं दोन दिवसांचं बुकिंग केलं. खोली, खाणं, पिणं, सगळं त्यातच. मनगटावर निळी पट्टी बांधली, की दिवसभर जे प्याचं ते प्या.

"हे काही माहं घर नाही, बाबा," ती म्हणे. ह्याइनं पट्टी तेवढी बांधून घेतली.

मंग मी कायले सोडते. पहिल्या दुपारी मात्र गाढवपणा केला. गुलाबी रंगाचं गोड शरबत चार गिलास ढोसलं अन् पोट असं गच्च झालं, की जेवणावर पाणी पडलं. दुसऱ्या टायमाले शहाणी झाली. ते लोक गिलासात बर्फच बर्फ भरतात, म्हणून दोनच खडे टाक म्हणून सांगाचं. जेवणाच्या वेळेले काउंटरवर सबन गर्दी उसळते, तं अर्धा तास आंधीच जाचं. फळ्यावर लिहेल नसते तेही इचारून पाहाचं. मले तं जिरं टाकून ताक भेटलं. अन् गिलास बोटभर, म्हणून मी घरून आणलेला तांब्याच नेला. काउंटरवर बादल नावाचा मिशीवाला माणूस होता, जवळच्याच तांड्यातला. तांब्या पाहून पह्यले हसला, मंग गळ्यापर्यंत भरून देऊ लागला.

"काकू, इथं खरा पैसा तुम्हीच वसूल करून राह्यल्या," म्हणे. बाजूले बियर घेऊन बसेल पोट्टे माह्याकडं पाहत. पाहेनात का.

अन् हे सकाळ-दुपार गायब. नदीवर जात असतीन, असं मले वाटे. दुसऱ्या दिवशी ऊन असं, की डांबराले चप्पल चिकटे. मी मागं मागं गेली. तं गेटाबाहेर रोडच्या कडेले हापशी, अन् हे एका हातानं दांडा मारून दुसऱ्या हाताच्या ओंजळीनं पाणी पिऊन राह्यले. खाण्याचंही तेच. वाटेसाठी बांधेल दशम्याच दोन दिवस पुरवल्या त्याइनं. जेवाले बोलावलं, की पोट जड हाय म्हणत, अन् मले खरं वाटे.

माहं डोस्कं फिरलं. "आत एवढं वाहून राह्यलं, अन् तुम्ही इथं कायले मरून राह्यले?"

"पैसे लेकीचेच होय ना," हे म्हणे. "जागा बदलली, पाणी तिचंच."

मंग ओट्यावर बसले, अन् आठ वर्षांत कधी बोलले नव्हते ते बोलले. "मी तिच्या हातचं पाणी पेलो, म्हणजे आस सोडली असं झालं. मीच आस सोडली, तं देव काहून धरीन?"

आजवर मी ह्याइले नुसते हट्टी समजे. अन् पोरगी समजे, लेकरू नाही म्हणून बाप नाराज हाय.

मागं वळून पाह्यलं, तं उर्वशी उभी. बापाले शोधत आली होती, हातात गिलास. सारं ऐकलं तिनं. ती रडली नाही, तेच मले जास्त लागलं.

"बाबा, डॉक्टरनं तीन वर्षांआंधीच सांगतलं, नाही होणार म्हणून," ती म्हणे. "तुमची आस तुटन म्हणून मी घरी बोलली नाही. मी रडून मोकळी झाली. पण तुम्ही गिलास परत केला, की तो डॉक्टर मले पुन्हा तेच सांगून राह्यला असं वाटते."

ह्याइनं मंग हात पुढं केला. साधं लिंबूपाणी होतं. एका दमात पेले, गिलास तिच्या हाती देला अन् म्हणे, "अजून आण."

संध्याकाळपर्यंत ती आणत राह्यली अन् हे पेत राह्यले. बादलले तिनं एकदाही गिलास उचलू देला नाही. माहा जीव इतका निवला, की मी तांब्या भराचंही इसरली.

मागच्या महिन्यात नागपूरले गेलतो. हे थेट आत जाऊन सोफ्यावर बसले. "उर्वशी, चहा टाक. चार दिवस राहाले आलो."

पोरगी सैपाकघरात गेली ते लवकर बाहेर येईना. मी पाहाले गेली. चहा उकळून राह्यलता, अन् ती साखरेचा डबा हातात घेऊन तशीच उभी होती.

"आई," म्हणे, "बाबा साखर किती घेतात? मी इसरली."