वहिनीच्या सायकलीमागे

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी साकोलीच्या कॉलेजात शिकत होते. त्या हिवाळ्यात आमच्या खेळाच्या सरांनी मुलींसाठी एक नवीच शर्यत काढली. सायकलने एका ठरलेल्या गावापर्यंत जायचं, तिथे सायकल सोडायची आणि कॉलेजपर्यंत पळत परत यायचं. मी लगेच नाव दिलं. मला पळता येत होतं आणि सायकलही येत होती. दोन्ही एकापाठोपाठ केल्यावर काय होतं, ते मात्र माहीत नव्हतं.

घरात या बातमीने सगळ्यात जास्त आनंद झाला तो वहिनीला. शाळेत मास्तर असलेल्या दादाचं लग्न त्याच वर्षी उन्हाळ्यात झालेलं. वहिनी माझ्याहून थोडीशीच मोठी, पण नवी सून म्हणून मला 'बाई' म्हणायची आणि 'तुमी'शिवाय बोलायची नाही. तिचं माहेर एकोडीला, आमच्या गावापासून सायकलने जाण्याजोगं.

"बाई, सरावाले तुमाले दूर जा लागन न," ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली. "मंग एकोडीपर्यंत जा. रस्ता चांगला हाये."

"एकटीच जाऊ?"

"एकटी कायले? मी बसतो न मागं."

आई चुलीपाशी हसली. तिला सगळं कळलं होतं. "जा दोघी," ती म्हणाली, "पण दादाच्या शाळेच्या टाइमाच्या आत सायकल घरी पायजे."

दुसऱ्या दिवशी उजाडताच निघालो. दादाची सायकल काळी, जड, मधे दांडी असलेली. मागे वहिनी, तिच्या मांडीवर माहेरी द्यायची वाटाण्याच्या शेंगांची पिशवी, आणि समोरून बोचरा वारा. तलावाच्या पाळीवर चढणारा रस्ता आला तशी सायकल जवळजवळ उभीच राहिली. मी सीटवरून उठून पायडलवर सगळं अंग टाकत होते.

"उतरू का?" वहिनीने विचारलं.

"नको. सराव हाये."

"मंग लावा न जोर," ती म्हणाली आणि खुदुखुदु हसायला लागली. ती हसली की सायकल डुलायची, सायकल डुलली की मला हसू यायचं, आणि हसू आलं की पायातली शक्तीच जायची. तशाच वाकड्यातिकड्या आम्ही पाळ चढलो.

एकोडीला वहिनीच्या आईने लेकीला दारात पाहिलं आणि हातातला झाडू तसाच धरून उभी राहिली. मग चहा झाला, पोहे झाले, नको म्हटलं तरी पुन्हा पोहे झाले. तिथून पळत परत यायचं आहे हे त्या माउलीला पटेचना. "काहून? सायकल मोडली का?" तिने दोनदा विचारलं.

अंगणातून पळायला सुरुवात केली आणि मला कळलं की माझे पाय माझे राहिलेच नाहीत. मांड्या लाकडाच्या, गुडघ्याखाली नुसता कापूस. पोटात पोहे हिंदकळत होते. मागून वहिनी सायकल ढकलत आणत होती आणि माझ्या चालीकडे बघून तिला रडू येईल इतकं हसू येत होतं.

पण ढकलत आणून दादाच्या शाळेची वेळ गाठता आली नसती. गावाबाहेर आल्यावर ती थांबली. "लहानपणी बाबाच्या सायकलवर कैची मारली हाये मी," म्हणाली. दांडीच्या खालून पाय घालून चालवायची ती कैची. तिने इकडेतिकडे पाहिलं, लुगड्याचा काचा घट्ट मारला आणि चढली. मी कॅरिअर धरून मागे पळू लागले. आधी ती रस्त्याकडेच्या धानाच्या बांधीत जाणार असं वाटलं, मग उलट्या बाजूच्या बांधीत, आणि मग सायकल एकाएकी सरळ झाली. धान कापणाऱ्या बाया विळे थांबवून बघू लागल्या. माझ्या हातातून कॅरिअर सुटलं. तिला ते कळलंही नाही.

चढावर मी तिच्याबरोबर होते. पाळीवरून उतार लागला आणि वहिनी निघाली.

"ब्रेक दाब वहिनी."

"कोनता?"

यापुढचं मला नीट ऐकू आलं नाही, कारण ती फार पुढे गेली होती. मी आयुष्यात तशी कधी पळले नव्हते. छाती फुटेल असं वाटत होतं, बरगडीखाली कळ येत होती, आणि तरी हसू थांबत नव्हतं. समोरून धानाच्या भाऱ्यांची बंडी येत होती. बंडीवाल्याने बैल बाजूला ओढले, वहिनी मधून गेली आणि तिने ओरडून म्हटलं, "पकड न वं मले."

'पकडा' नाही, 'पकड'. धावता धावताही ते माझ्या कानात शिरलं. त्या दिवसापासून तिने मला कधी 'तुमी' म्हटलं नाही.

गावाच्या तोंडाशी खळ्यावर नव्या तणसीचा, धानाच्या पेंढ्याचा, मोठा ढीग होता. सायकल त्यात घुसली. मी पोहोचले तेव्हा चाक फिरत होतं आणि तणसीतून वहिनीचं फक्त डोकं बाहेर होतं.

"लागलं का?"

तिने मान हलवली. बोलता येईना तिला हसण्यापायी. मीही तिच्याशेजारी कोसळले. उठायची इच्छाही नव्हती आणि ताकदही नव्हती.

दादा शाळेचे कपडे घालून सायकलची वाट बघत तिथेच येऊन उभा होता. त्याने सायकल ओढून काढली, पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल सरळ केलं आणि विचारलं, "कोन जितलं?"

मग खळ्यावरच्या लोकांसमोर त्याने वहिनीच्या केसांतली तणस काढली आणि शाळेला निघून गेला. वहिनी लाजून पुन्हा ढिगातच तोंड लपवून बसली.

त्यानंतर आम्ही जवळजवळ रोज जायचो. लाकडी पायांनी तसंच पळत राहिलं की थोड्या वेळाने ते आपले होतात, हे मला त्या रस्त्याने शिकवलं. शर्यतीत मी दुसरी आले. पहिली आलेली मुलगी फारच पुढे होती, तिला गाठण्याचा प्रश्नच नव्हता. पण शेवटच्या वळणावर वहिनी गर्दीतून रस्त्यावर आली आणि चपला हातात घेऊन माझ्या बाजूने पळू लागली. सर शिट्टी वाजवून तिला हटवत होते. ती हटली नाही. आम्ही दोघींनी मिळूनच शेवटची दोरी ओलांडली.